आकाशकाचा सौदा : सिंहगडापासून खोडदपर्यंत

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण मनोऱ्यामुळे त्याचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. त्यानंतरची दोन-अडीच दशके पुण्यातील पेठांच्या कौलांवर, चाळींच्या पत्र्यांवर आणि पुढे उपनगरांतील गच्च्यांवर ॲल्युमिनिअमच्या नळ्यांचे एक रानच उगवले होते. त्या सर्व नळ्यांची तोंडे एकाच दिशेला, नैऋत्येला, गडाकडे. या स्मरणिकेचे जे वाचक आज चाळिशी ओलांडून पुढे गेले आहेत, त्यांतील अनेकांनी गच्चीवर चढून ती काठी फिरवली असेल, आणि खालून कोणी तरी ‘आलं, आलं... गेलं!’ असे ओरडले असेल. दिशा जुळली की चित्र येते, हे सर्वांना ठाऊक होते. मात्र दिशा अचूक जुळूनही चित्र फिकट का राहते, एकाच्या घरी सहा नळ्यांचा आकाशक असून चित्र पुसट आणि शेजाऱ्याकडे चारच नळ्यांचा असून स्वच्छ, असे का, याचे उत्तर फारसे कोणाजवळ नसे. ते उत्तर ज्या एका जागी दडलेले असते, ती जागा म्हणजे नळ्यांना तार जोडली जाते तो बिंदू. प्रस्तुत लेख त्या बिंदूविषयी आहे. सिंहगडाकडे तोंड केलेल्या नळीचा तो बिंदू आणि पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर खोडद येथे उभ्या असलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचा तो बिंदू, दोहोंचे शास्त्र एकच आहे.

अँटेनाला मराठीत ‘आकाशक’ असा सुरेख शब्द आहे. त्याचे सर्वांत साधे रूप म्हणजे मध्यभागी तोडलेली एक सरळ धातूची दांडी. तिला द्विध्रुव म्हणतात. दांडीची लांबी येणाऱ्या तरंगाच्या लांबीच्या निम्मी असली की तिच्यातील विद्युतभार त्या तरंगाच्या तालावर सहज मागे-पुढे हेलकावतात, जसा झोपाळा त्याच्या स्वतःच्या लयीत ढकलला म्हणजे थोड्या जोराने उंच जातो. तरंगलांबी काढणे सोपे आहे. ३०० या संख्येस कंप्रतेच्या मेगाहर्ट्झमधील आकड्याने भागावे, उत्तर मीटरमध्ये येते. ६० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ५ मीटर, म्हणून दांडी अडीच मीटरची. २०० मेगाहर्ट्झला दीड मीटर, म्हणून दांडी पाऊण मीटरची. प्रत्यक्षात दांडी या हिशेबापेक्षा शेकडा चार-पाच टक्के आखूड कापावी लागते, कारण दांडीला जाडी असते आणि टोकांपाशी विद्युतक्षेत्र थोडे बाहेर सांडते.

आता दांडीच्या मध्यावरील दोन टोकांना तार जोडावयाची. त्या बिंदूवर काही व्होल्टता असते आणि काही विद्युतप्रवाह वाहतो. व्होल्टतेला प्रवाहाने भागले असता जी राशी मिळते, तिला संरोध म्हणतात. ती ओहममध्ये मोजतात. मोकळ्या आकाशात, आसपास काही नसताना, अर्धतरंग द्विध्रुवाचा संरोध सुमारे ७३ ओहम असतो. हा तारेतील रोधासारखा उष्णतेत वाया जाणारा रोध नव्हे. दांडी आणि अवकाश यांच्यात ऊर्जेची जी देवाणघेवाण होते, तिचे ते माप आहे. तारेलाही तिचा स्वतःचा संरोध असतो. टीव्हीच्या गोल, जाळीवेष्टित केबलचा ७५ ओहम, आणि एके काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या चपट्या, दोन तारांच्या फितीचा ३०० ओहम. तारेची लांबी वाढवली म्हणून हा आकडा बदलत नाही. तो दोन वाहकांमधील अंतर, त्यांची जाडी आणि मधले प्लास्टिक यांवर ठरतो.

दोन्हीकडचे संरोध जुळले नाहीत तर काय घडते? एका जाड दोराला बारीक सुतळी बांधून ती ताणून धरावी आणि दोराला एक झटका द्यावा. लाट गाठीपर्यंत येते, तिचा काही भाग सुतळीत उतरतो आणि उरलेला गाठीवरून उलट फिरून हातात परततो. आकाशकाच्या जोडबिंदूवरही हेच होते. परत फिरणारा भाग काढण्याची रीत अशी : दोन संरोधांची वजाबाकी भागिले त्यांची बेरीज, आणि आलेल्या उत्तराचा वर्ग. ७३ ओहमच्या द्विध्रुवाला ७५ ओहमची केबल जोडली तर नुकसान इतके नगण्य की ते विसरून जावे. परंतु २५ ओहमच्या आकाशकाला तीच केबल जोडली तर ५० भागिले १००, म्हणजे अर्धा, त्याचा वर्ग पाव. आकाशकाने गोळा केलेल्या शक्तीचा चौथा हिस्सा दाराशी येऊन माघारी जातो. ३०० ओहमच्या जोडणीला ७५ची केबल थेट जोडली तर ३६ टक्के जातो. गच्चीवर कितीही उंच काठी उभारली तरी हा हिस्सा हाती लागत नाही.

येथे एक प्रश्न साहजिक आहे. साधा द्विध्रुवच ७३ ओहमचा असेल, तर सारे आपोआप जुळलेले आहे, मग अडचण कोठे? अडचण अशी की साधा द्विध्रुव दोन्ही बाजूंना सारखेच ऐकतो. सिंहगडाकडचेही ऐकतो आणि पाठीमागील इमारतीवरून आपटून आलेले तेच प्रक्षेपण क्षणभर उशिराने ऐकतो. त्यामुळे पडद्यावर मूळ आकृतीच्या शेजारी तिची फिकट सावली उमटे. जुने लोक तिला ‘भूत’ म्हणत. पुण्यासारख्या टेकड्यांनी वेढलेल्या शहरात ही भुते पुष्कळ होती. म्हणून एका दिशेला कान लावणारा, पाठीकडे बहिरा असलेला आकाशक हवा.

असा आकाशक जपानमधील सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात १९२६च्या सुमारास शिंतारो उदा यांनी सिद्ध केला आणि त्यांचे वरिष्ठ हिदेत्सुगु यागी यांनी तो जगापुढे नेला. आज त्याला यागी-उदा आकाशक म्हणतात. बोलण्यात मात्र बिचाऱ्या उदांचे नाव गळून पडते. कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हे विज्ञानातही चालते. या आकाशकात तार जोडलेली दांडी एकच असते. तिच्या मागे किंचित लांब दांडी, तो परावर्तक. पुढे किंचित आखूड दांड्या, ते दिग्दर्शक. या दांड्यांना कोठलीही तार नसते. मुख्य दांडीच्या सान्निध्याने त्यांच्यात प्रवाह उत्पन्न होतात आणि ते प्रवाह स्वतःचे तरंग सोडतात. लांबीतल्या त्या किंचित फरकामुळे त्या तरंगांची वेळ अशी साधते की पुढच्या दिशेने सर्वांची बेरीज होते आणि मागच्या दिशेने वजाबाकी. तीन दांड्यांचा चांगला आकाशक साध्या द्विध्रुवाच्या सुमारे चौपट शक्ती एका दिशेने मिळवतो. पुढे दांड्या वाढवत नेल्या तर लाभ वाढतो, पण हात आखडून. आडव्या दांडक्याची लांबी दुप्पट केली तरी शक्ती दुप्पट होत नाही, जेमतेम पावणेदोन पटीच्या आसपास राहते.

सौद्याला येथे सुरुवात होते. शेजारच्या दांड्यांतील प्रवाह मुख्य दांडीतील प्रवाहाच्या बऱ्याच अंशी उलट असतात. दांड्या जितक्या जवळ, तितके त्यांचे तरंग एकमेकांना अधिक खोडून काढतात, आणि तेवढीच शक्ती बाहेर टाकण्यासाठी अधिक प्रवाह लागतो. व्होल्टतेच्या मानाने प्रवाह वाढला म्हणजे संरोध घसरला. ७३ ओहमवर सुरू झालेली दांडी २५-३० ओहमवर, आणि फार घट्ट मांडणीत त्याहूनही खाली येते. अधिक प्रवाह म्हणजे धातूतील उष्णतेचा वाटा अधिक. गंजलेला बोल्ट, सैल पडलेला स्क्रू ७३ ओहमच्या आकाशकात खपून जातो. १५ ओहमच्या आकाशकात तोच मोठा चोर ठरतो. शिवाय अशी घट्ट मांडणी एका कंप्रतेवरच नीट चालते. कंप्रता थोडी सरकली की दांड्यांमधील वेळेचे गणित बिघडते आणि जोडबिंदूवरील संरोध झपाट्याने बदलतो.

आणि सर्वाधिक लाभ, पाठीकडचा सर्वांत चांगला बहिरेपणा, रुंद कंप्रता-पट्टा, सोयीचा संरोध, ही चारही उद्दिष्टे एकाच मांडणीत एकाच वेळी परमोच्च बिंदूला पोहोचत नाहीत. सर्वाधिक लाभ ज्या अंतरांवर मिळतो, तेथे पाठीमागची भुते पूर्णपणे मरत नाहीत. भुते मारणारी अंतरे निवडली तर लाभ थोडा सोडावा लागतो. शेजाऱ्याचा चार नळ्यांचा आकाशक सहा नळ्यांच्या आकाशकाला हरवत असे तो यामुळे. चारांची मांडणी हिशेबाने केलेली असे, आणि बाजारात नळ्या मोजून विकल्या जात म्हणून सहांची मांडणी गिऱ्हाइकासाठी केलेली असे.

संरोध घसरला तर तो वर आणण्याची एक युक्ती प्रत्येक टीव्ही आकाशकावर डोळ्यांसमोर असे, पण कोणी तिच्याकडे लक्ष दिले नाही. तार जोडलेली मुख्य दांडी सरळ नसून लांबट कडीसारखी, दुमडलेली असे. तो दुमडलेला द्विध्रुव. त्यात दोन समांतर नळ्या टोकांना जोडलेल्या असतात आणि एकूण प्रवाह दोघींत निम्मा निम्मा वाटला जातो. तार एकाच नळीला जोडलेली असल्याने तिला निम्माच प्रवाह दिसतो. शक्ती तीच, प्रवाह निम्मा, म्हणून संरोध चौपट. मोकळ्या द्विध्रुवाचे ७३ ओहम दुमडल्यावर सुमारे ३०० होतात, म्हणूनच ती चपटी फीत ३०० ओहमची बनवली गेली. आणि यागी मांडणीत घसरलेले २० ओहम दुमडल्यावर पुन्हा ८०च्या घरात येतात, म्हणजे ७५च्या केबलशी जवळजवळ जुळतात. पुढे फितीची जागा गोल केबलने घेतली तेव्हा ३०० आणि ७५ यांचा मेळ घालण्यासाठी टीव्हीच्या पाठीशी एक लहानशी डबी आली. तिच्या आत फेराइटच्या तुकड्यावर गुंडाळलेल्या तारेचे चारच वेढे असत. तिला बालून म्हणतात. दुकानदार ती पाच-दहा रुपयांना देई आणि बहुतेक जण ती हरवत. ती हरवली की केबल थेट जोडली जाई आणि वर काढलेला ३६ टक्क्यांचा हिशेब लागू होई.

आता शहर सोडून उत्तरेस जाऊ. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव लागते. तेथून पूर्वेस आत खोडद. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र पुण्यात गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात आहे आणि त्याची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, खोडदच्या माळावर. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतील १४ मध्यभागी सुमारे एक किलोमीटरच्या परिसरात, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर दूरदूर पसरलेल्या. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर. तिचे शिल्पकार प्रा. गोविंद स्वरूप १९२९ साली जन्मले आणि ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यातच निवर्तले. त्यांच्या कारकिर्दीची एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. ऑस्ट्रेलियात प्रशिक्षण घेत असताना तेथे निकामी झालेल्या सुमारे पावणेदोन मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या त्यांच्या पाहण्यात आल्या. त्या भारताला मिळाल्या आणि १९६५ साली कल्याणजवळ उभारून त्यांतून सूर्याचे निरीक्षण सुरू झाले. दुसऱ्याने टाकलेल्या वस्तूंपासून सुरू झालेली ही वाट पुढे उटीची ५३० मीटर लांबीची दुर्बीण करून खोडदला आली.

खोडदचा पहिला सौदा तबकडीच्या पृष्ठभागाशी झाला. ४५ मीटरची भरीव पत्र्याची तबकडी वाऱ्यात शिडासारखी फुगते. ती तोलून धरण्यास अवाढव्य पोलाद आणि तेवढाच पैसा लागतो. स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्रा टाकलाच नाही. नळ्यांच्या सांगाड्यावर पोलादी दोर ताणले आणि त्या दोरांवर बारीक बिनगंज पोलादी तारेची जाळी बांधली. तार अर्ध्या मिलीमीटरहून किंचित जाड. जाळीचे डोळे मध्यभागी १० मिलीमीटरचे, त्याबाहेर १५चे आणि कडेला २०चे. वारा जाळीतून निघून जातो. रेडिओ तरंग मात्र आपल्या लांबीच्या मानाने खूप लहान असलेली भोके ‘पाहत’ नाहीत. मीटरभर लांबीच्या तरंगाला दोन सेंटीमीटरची जाळी भिंतीसारखीच असते. २१ सेंटीमीटरच्या तरंगापर्यंत हे निभते. त्याहून आखूड तरंग जाळीतून गळू लागतात. याचा अर्थ स्वरूपांनी जाणूनबुजून आखूड तरंगलांबीचे खगोलशास्त्र सोडून दिले आणि मोबदल्यात ३० तबकड्या मिळवल्या. श्रीमंत देश आखूड तरंगांकडे वळले होते. लांब तरंगांचे क्षेत्र मोकळे होते, आणि आपल्या खिशाला परवडणारी तबकडी नेमकी त्या क्षेत्रासाठी योग्य होती. गरिबीतून शहाणपण येतेच असे नाही, हे आपण सर्व जाणतो. येथे ते आले, कारण काय सोडावयाचे हे आधी ठरवले गेले.

तबकडी म्हणजे निव्वळ आरसा. ती अन्वस्ताच्या आकाराची असल्याने आकाशातून आलेले समांतर तरंग ती तिच्यापासून सुमारे साडेअठरा मीटर वर असलेल्या नाभीपाशी एकवटते. खरा आकाशक तेथे, चार पायांवर टांगलेला असतो, आणि जोडबिंदू तेथेच. खोडदला त्या जागी एक फिरता डबा आहे. त्याच्या चार तोंडांवर चार वेगळे आकाशक बसवलेले. ज्या कंप्रतेवर निरीक्षण करावयाचे ते तोंड तबकडीकडे वळवतात. मूळच्या रचनेत १५० मेगाहर्ट्झसाठी चौकोनात मांडलेले चार दुमडलेले द्विध्रुव होते. आपल्या टीव्हीच्या कडीचेच ते थोरले भाऊ. ३२७ मेगाहर्ट्झसाठी परावर्तक पत्र्यासमोर द्विध्रुव आणि त्याच्यापुढे एक धातूचे कडे. २३३ आणि ६१० मेगाहर्ट्झसाठी एकात एक बसवलेल्या दोन नळकांड्यांचा एकच आकाशक. आणि १००० ते १४५० मेगाहर्ट्झसाठी बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेने घडवलेले आतून चुण्या असलेले शिंग.

३२७च्या त्या कड्याचा उलगडा यागीने होतो. द्विध्रुव आपल्या लांबीच्या दिशेने अरुंद पाहतो आणि आडव्या दिशेने रुंद. तबकडी मात्र गोल आहे. केवळ द्विध्रुव टांगला तर एका अंगाने तबकडीची कड न वापरलेली राहील आणि दुसऱ्या अंगाने नजर तबकडीच्या बाहेर सांडेल. वरचे कडे हे तार नसलेले, दिग्दर्शकासारखे आहे. त्यात उत्पन्न झालेले प्रवाह दोन्ही अंगांची नजर सारखी करतात. पण ते मुख्य दांडीच्या संरोधालाही हात लावतेच. यागीतला दिग्दर्शक हे करतो तसेच. म्हणून कड्याचा व्यास, त्याची उंची आणि द्विध्रुवाचे परावर्तकापासूनचे अंतर ही तिन्ही एकत्र, एकमेकांकडे पाहत ठरवावी लागतात.

नजर तबकडीबाहेर सांडली तर बिघडते काय, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. नाभीवरून पाहता तबकडीची कड मधल्या रेषेपासून सुमारे साडेबासष्ट अंशांवर दिसते. त्या पलीकडे जमीन आहे, आणि जमीन सुमारे ३०० केल्विन तापमानाची असल्याने ती स्वतः रेडिओ गोंगाट सोडते. आकाशक तबकडीपलीकडे पाहू लागला की ताऱ्यांच्या कुजबुजीत जुन्नरच्या काळ्या मातीची गुणगुण मिसळते. नजर फार आकसली तर जमीन दिसत नाही, पण मग ४५ मीटरच्या तबकडीची बाहेरची जागा वाया जाते आणि ती ३५ मीटरची असल्यासारखी वागते. अनुभवाने ठरलेला मध्यम मार्ग असा की कडेला मध्याच्या सुमारे एक दशांश शक्ती पडावी. ना पूर्ण कार्यक्षम, ना पूर्ण शांत.

नाभीवरील जोडबिंदूला पहिला विवर्धक अगदी खेटून असतो, आणि त्यालाही कारण आहे. आकाशक आणि विवर्धक यांच्यामध्ये केबलचा अडीच टक्के ऱ्हास झाला, तरी केबल स्वतःच्या उष्णतेने सुमारे ७ केल्विन गोंगाट त्यात घालते. १४२० मेगाहर्ट्झला आकाश अत्यंत शांत, काही थोड्या केल्विनचे. तेथे ७ केल्विन ही मोठी रक्कम. १५० मेगाहर्ट्झला मात्र आपली आकाशगंगाच शेकडो केल्विनने गर्जत असते. तेथे ७ केल्विन पासंगालाही पुरत नाहीत. संरोधाच्या विसंगतीलाही बऱ्याच प्रमाणात हेच लागू पडते. लांब तरंगांवर दहा टक्के शक्ती माघारी गेली तरी ताऱ्याचा संकेत आणि आकाशाचा गोंगाट दोघेही सारखेच कमी होतात, त्यांचे परस्परप्रमाण फारसे ढळत नाही. म्हणजे ‘संरोध किती काटेकोर जुळवावा’ या प्रश्नाला सर्वत्र लागू पडेल असे एक उत्तर नाही. आकाश कोणत्या कंप्रतेवर किती बोलके आहे, हे पाहून ते ठरते. पाठ्यपुस्तके सहसा हे सांगत नाहीत, आणि विद्यार्थी आयुष्यभर शून्य परावर्तनामागे धावतात.

या समजुतीच्या बळावरच दुर्बिणीचा दुसरा अवतार घडला. जुने आकाशक अरुंद पट्ट्यांचे होते. एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीची पट्टी नोंदली जाई. २०१०च्या दशकात ते बदलून १२० ते २५०, २५० ते ५००, ५५० ते ८५० आणि १०५० ते १४५० मेगाहर्ट्झ अशा रुंद पट्ट्यांची व्यवस्था झाली आणि नोंदणीची रुंदी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेली. रुंदी वाढवण्याची किल्ली दांडीच्या आकारात आहे. बारीक दांडीचा संरोध कंप्रतेबरोबर उड्या मारतो. दांडी जाड केली, किंवा तिला शंकूचा आकार दिला, की तो संथपणे बदलतो. शंकूच्या टोकापासून बाहेर जाताना व्यास आणि अंतर यांचे प्रमाण तेच राहते, त्यामुळे लांब तरंग आणि आखूड तरंग दोघांनाही तो जवळपास एकसारखाच दिसतो. मधल्या पट्ट्यांसाठी असे शंकू-द्विध्रुव बसवले गेले. २५० ते ५०० म्हणजे वरची कंप्रता खालच्या दुप्पट. कोणताही साधा यागी एवढ्या रुंदीत कोलमडला असता.

रुंदीची किंमतही द्यावी लागली. तबकडीवरून उसळून नाभीकडे आलेल्या तरंगाचा जो अंश संरोधाच्या विसंगतीमुळे नाभीवरून परत फिरतो, तो पुन्हा तबकडीवर आपटून वर येतो. साडेअठरा मीटरची ही खेप जाऊन-येऊन ३७ मीटरची होते आणि तिच्यामुळे दर सुमारे ८ मेगाहर्ट्झला एक अशी मंद लाट संपूर्ण नोंदीवर पसरते. ३२ मेगाहर्ट्झच्या पट्टीत अशा चारच लाटा. ४०० मेगाहर्ट्झच्या पट्टीत पन्नास. दूरच्या दीर्घिकेतील हायड्रोजनची क्षीण रेषा आणि ही लाट यांत गल्लत होऊ नये म्हणून गणकयंत्रात पुष्कळ मेहनत करावी लागते.

मेहनतीचे फळ काय? हायड्रोजनचा अणू १४२० मेगाहर्ट्झवर, म्हणजे २१ सेंटीमीटर तरंगलांबीवर, अत्यंत मंद संकेत देतो. विश्व प्रसरण पावत असल्याने दूरच्या हायड्रोजनचा संकेत आपल्यापर्यंत येईतो ताणला जातो आणि त्याची कंप्रता उतरते. २०२० साली आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी ५५० ते ८५० मेगाहर्ट्झच्या नव्या पट्ट्यात ७६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील हायड्रोजन वायू सरासरीने मोजला. त्या दीर्घिकांच्या रेषा ताणून सुमारे ५८० ते ८१५ मेगाहर्ट्झच्या दरम्यान विखुरलेल्या होत्या. जुना ६१०चा आकाशक त्यांतील थोड्यांनाच पाहू शकला असता. शंकूच्या आकाराने केवढे दार उघडले, याचा हा अंदाज.

पण दार रुंद उघडले की वाराही आत येतो. रुंद पट्टा दूरच्या दीर्घिका ऐकतो तसे मोबाईलचे मनोरे, टीव्हीची प्रक्षेपणे, विजेच्या तारांवरील खराब चिनीमातीच्या चिमण्यांतून उडणाऱ्या ठिणग्या हे सारेही ऐकतो. चंद्रावर एक साधा मोबाईल चालू करून ठेवला तर तो खोडदच्या दृष्टीने आकाशातील बलवान रेडिओ स्रोतांमध्ये गणला जाईल. मग पाच किलोमीटरवरील मनोऱ्याचे काय सांगावे! गाळण्या बसवून ठराविक कंप्रता अडवल्या जातात, परंतु प्रत्येक गाळणी थोडा ऱ्हास घेऊन येते आणि जोडबिंदूवरील संरोधाचे गणित पुन्हा मांडावे लागते.

हा प्रश्न आता प्रयोगशाळेबाहेर, आपल्या घरापर्यंत आला आहे. प्रस्तावित पुणे-नाशिक मध्यम अतिजलद रेल्वेमार्ग नारायणगाव परिसरातून जाणार होता. विजेवर धावणाऱ्या गाडीचा वरील तारेशी होणारा स्पर्श ठिणग्या पाडतो आणि ठिणगी हा सर्व कंप्रतांवर एकदम बोलणारा प्रक्षेपक असतो. दुर्बिणीला बाधा येईल, असा आक्षेप निघाला आणि मार्ग बदलण्याचा विचार पुढे आला. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी त्यावर नाराजी व्यक्त केली, आणि त्यांची तक्रार अनाठायी म्हणता येणार नाही. टोमॅटो आणि कांदा वेळेवर बाजारात जाणे ही त्यांच्यासाठी घरखर्चाची बाब आहे. प्रस्तुत लेखकाचे मत असे की हा वाद ‘विकास की विज्ञान’ अशा घोषणांनी सुटणार नाही. मार्ग किती किलोमीटर दूर नेला असता किती गोंगाट कमी होतो, मध्ये डोंगर असेल तर किती, बोगद्यातून नेला तर किती, ही मोजता येणारी राशी आहे. ती मोजून, मराठीत लिहून, गावागावांत मांडली गेली तर लोक तिच्यावर विचार करतील. आकाशकाचा अभियंता रोज जो सौदा करतो, तोच येथे करावयाचा आहे. फरक इतकाच की येथे एका पारड्यात माणसे बसलेली आहेत, आणि त्यांना विचारल्यावाचून तो पुरा होत नाही.

दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदची दुर्बीण सर्वसामान्यांसाठी खुली असते आणि परिसरातील शाळांची मुले आपले प्रयोग घेऊन तेथे येतात. आपल्या वसतिगृहातील मुलांना पालकांनी वा माजी विद्यार्थ्यांनी तेथे अवश्य न्यावे. प्रवेशद्वाराशी मोबाईल बंद करावा. तबकडीखाली उभे राहिल्यावर सर्वांच्या नजरा जाळीकडे जातात, छायाचित्रेही तिचीच निघतात. मुलांना मात्र वर, चार पायांच्या टोकाशी असलेला तो फिरता डबा दाखवावा, आणि त्याच्या कोणत्या तोंडाला आज तबकडीकडे वळवले आहे, असे तेथील माणसांना विचारण्यास सांगावे.